दांडेलीतले दोन सोनपाठी सुतार

दांडेलीच्या जंगलात पहाटे शिरतानाच मी ठरवले होते की सोनेरी पाठीचा सुतार दिसला, तरी त्याचे नाव घेण्याची घाई करायची नाही. साधा सोनपाठी सुतार आमराईत, नारळाच्या बागेत, अगदी शहरातल्या उद्यानातही भेटतो. मोठा सोनपाठी सुतार मात्र दाट झाडीत रमणारा, आणि काळी नदीच्या काठच्या या पट्ट्यात दोघेही राहतात.

पहिला पक्षी दिसला तो एका ऐनाच्या खोडावर. सुसरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या त्या सालीवर ताठ शेपटीचा टेकू देऊन तो वर चढत होता आणि आमची चाहूल लागताच खोडाआड सरकत होता. सुतार पक्ष्याची पाठच अधिक दिसते, म्हणून मी मान आणि कंबर पाहत राहिलो. तुऱ्याखाली मान पांढरीशुभ्र होती आणि पंख किंचित उघडताच कंबर लालभडक दिसली. दोन्ही खुणा पाहाव्या लागतात, कारण याच जंगलातल्या तीन बोटांच्या सोनेरी सुताराचीही कंबर लाल असते, पण मान काळी. मग त्याने डोके वळवले आणि गालावरच्या दोन बारीक काळ्या रेघा व त्यांच्यामध्ये अडकलेला पांढरा ठिपका दिसला. हा मोठा सोनपाठी सुतारच होता. शेजारच्या फांदीवर त्याची मादी होती. तिच्या डोक्यावर लाल रंगाचा लवलेशही नव्हता, काळ्या तुऱ्यावर फक्त पांढरे गोल ठिपके होते.

साधा सोनपाठी दुपारी एका वठलेल्या झाडावर मुंग्या टिपताना सापडला. त्याची मान काळी, कंबरही काळी आणि काळ्या गळ्यावर पांढरी बारीक नक्षी होती. याच्या मादीचे कपाळ तेवढे काळे-ठिपकेदार असते, तुरा लालच राहतो. मोठा सुतार सुमारे ३३ सेंटीमीटरचा आणि हा २८च्या आसपास. पण उंच झाडावर एवढा फरक डोळ्यांना कळत नाही, त्यामुळे आकारावर मी कधीच विसंबत नाही. आवाज त्यापेक्षा भरवशाचा. साधा सोनपाठी खिदळल्यासारखा ओरडत उडतो, तर मोठ्याची एकसुरी, धातूवर धातू घासावा तशी किरकिर ऐकून सकाळी मला आधी एखादा कीटकच वाटला होता.

परतताना तीच किरकिर पुन्हा कानावर आली. उजेड इतका उतरला होता की पाठीचा सोनेरी रंगही ओळखू येत नव्हता. काळपट खोडावर फक्त पांढरी मान तेवढी वर वर सरकत होती.