पोट सुटलेली गिटार

माझ्या गिटारचं पोट सुटलंय. तारा जिथे फळीला अडकवतात त्या पट्टीच्या, म्हणजे ब्रिजच्या मागे वरची फळी फुगून आलीय. दिव्यासमोर तिरकी धरली की उजेडाची रेघ तिथे येऊन वाकते. पाहुण्यांच्या ते लक्षातही येत नाही, पण एकदा दाखवलं की त्यांना मग दुसरं काही दिसत नाही.

तिचा तरी काय दोष? स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की सगळ्यांचा मिळून ताण ७० ते ८० किलो होतो. चांगल्या खात्यापित्या माणसाचं वजन झालं हे. आणि ते पेलणारी स्प्रूस लाकडाची फळी जेमतेम ३ मिलिमीटर जाड. जाड फळीची गिटार टिकते खरी, पण बोलत नाही. म्हणून चांगला कारागीर फळी मोडणार नाही इतपतच जाड ठेवतो, आतून फुलीच्या आकारात पट्ट्या चिकटवतो आणि पुढचं काळावर सोपवतो. तुम्ही वाजवा न वाजवा, तारा ओढतच असतात. तीस-चाळीस वर्षांत फळी फुगते, मान पुढे झुकते, तारा उंच होतात आणि बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या बाराव्या आडव्या तारेपाशी, सूर काढताना दातओठ खावे लागतात. ज्या पातळपणामुळे आवाज सुंदर, त्याच पातळपणामुळे हे दुखणं. एक हवं आणि दुसरं नको, असं इथे चालत नाही.

यावर इलाज आहे, आणि तो बघण्यासारखा असतो. पंधरावी फ्रेट उपसतात, तिच्या खाचेतून बारीक भोक पाडतात आणि त्यातून वाफ सोडतात. आतला सरस नरम होतो आणि मान अलगद सुटून हातात येते. मग तिच्या बुडाशी कागदाच्या जाडीइतकं लाकूड तासून, कोन सुधारून ती पुन्हा बसवायची. जुन्या कारागिरांनी जनावरांच्या कातड्याचा सरस वापरला, म्हणून हे जमतं. ऊब आणि ओल मिळाली की तो सोडतो, थंड झाला की काचेसारखा कडक होतो.

मुंबईतल्या ज्या अंकलकडे मी गिटार दुरुस्तीला नेतो, ते केस उघडायच्या आधीच विचारतात, “कोणी आधी हात लावलाय काय हिला?” तडा गेला तर त्यांची हरकत नसते. त्या तड्यात कुणी हौशी माणसाने सहजी न सुटणारं इपॉक्सी ओतलं असलं, तर मात्र ते गिटार बाजूला ठेवून आधी चहा मागवतात. मोडलेलं लाकूड जुळवता येतं. ज्याने ते कायमचं जुळवून टाकलंय, त्याच्यापुढे त्यांचाही नाइलाज होतो.

गिब्सन कंपनीच्या गिटारवाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांच्या गिटारचं डोकं १७ अंश मागे झुकलेलं. मान आणि डोकं महोगनीच्या एकाच तुकड्यातून कापलेलं, त्यामुळे त्या वळणावर लाकडाच्या रेषा तुटतात. त्यात नेमक्या तिथेच मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईच्या नटासाठी खळगा कोरलेला. गिटार स्टँडवरून पाठीवर पडली की तिथेच मोडते. कंपनीने १९६०च्या दशकात तो कोन १४ अंशांवर आणून पाहिला, पुढे पुन्हा १७ केला. दुरुस्ती नीट झाली तर आवाजात फरक पडत नाही, पण किंमत साधारण निम्म्यावर येते. माझ्या मते बाजाराने आपल्यासारख्यांवर केलेला हा मोठा उपकार. धडधाकट जुन्या गिटारी काचेच्या कपाटात जातात. मान मोडलेल्या आपल्या खिशाला परवडतात आणि रोज वाजतात.

अमेरिकन गायक विली नेल्सनची ‘ट्रिगर’ नावाची गिटार पाहा. १९६९ साली घेतलेली मार्टिन कंपनीची एन-२०, नायलॉनच्या तारांची, बोटांनी वाजवायची गिटार. नेल्सन ती प्लेक्ट्रमने, म्हणजे तारा छेडायच्या चकतीने वाजवत आला. अशा गिटारला फळी घासू नये म्हणून लावतात ते पिकगार्ड नसतं, त्यामुळे घासून घासून फळीला चक्क भगदाड पडलं. ऑस्टिनमधला कारागीर तिला आतून आधार देत राहतो, पण भोक बुजवत नाही. बुजवायचं कशाला? ते पडेपर्यंत त्या गिटारने काम केलंय.

माझी सत्तरच्या दशकातली, अमेरिकन. न्यू जर्सीत नोकरीला असताना जुन्या बाजारात घेतली. पाठ आणि बाजू भारतीय रोजवूडच्या, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढतो त्या शिसवाच्या. ब्राझिलियन रोजवूड दुर्मिळ झाल्यावर मार्टिनने १९६९पासून हेच लाकूड धरलं, बाकीचेही वळले. १९९२ साली तर ब्राझिलियन लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच बंदी आली. तेव्हा इथून तिकडे गेलेला शिसव मी विमानाने परत आणला, असं मी जरा फुशारकीने सांगतो. पुण्याच्या हवेला त्याचं कौतुक नाही. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते. एप्रिलमध्ये ती मिळत नाही आणि जुलैत आवरत नाही. उन्हाळ्यात फळी आक्रसते, तारा खाली येऊन फ्रेटवर खरखरतात. पावसाळ्यात फळी फुगते, तारा वर जातात. म्हणून केसमध्ये हाडाच्या दोन सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्ट्या आहेत, एक उंच उन्हाळ्यासाठी, एक बुटकी पावसाळ्यासाठी. मृगाच्या सुमाराला बदलायची. घरात छत्र्या निघतात तेव्हाच हे काम निघतं आणि त्याची यथेच्छ चेष्टा होते.

तुम्हीही अशी एखादी घ्यायला निघाला असाल, तर खिशात छोटा आरसा आणि टॉर्च ठेवा. आत डोकावून पट्ट्या सुटल्यात का बघा. फळीवर बोटाने टकटक करा. सुटलेली पट्टी लगेच खुळखुळते. मग सरळ मोजपट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजकडे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या वरच्या कडेला टेकलं तर ठीक. खाली आपटलं, तर मान काढून बसवायचा खर्च नक्की. विकणारा म्हणेल, “किरकोळ काम आहे हो.” तो किरकोळ खर्च आधी किमतीतून वजा करा, मगच घासाघीस सुरू करा.