खारी, पेपर आणि बाबा

मागच्या जूनमध्ये सोसायटीच्या पार्किंगमधलं कुत्र्याचं एक गावठी पिल्लू घरी आणलं, दोनेक महिन्यांचं असेल, रंग खारी बिस्किटासारखा म्हणून नाव खारी. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं की लसी पूर्ण होईपर्यंत हिला रस्त्यावर न्यायचं नाही, पार्वोची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची, भीती असते. म्हणजे चार महिन्यांची होईस्तोवर शी-शूचा सगळा कारभार तिसऱ्या मजल्यावरच. मग काय, गॅलरीत पेपर अंथरले.

पहिला आठवडा फरशी पुसण्यातच गेला. मी फिनेल ओतून ओतून पुसायचे तरी ही बया परत सोफ्यामागच्या त्याच कोपऱ्यात! नंतर कळलं की फिनेलने फक्त आपल्याला वास येईनासा होतो, तिला येतोच, आणि पिल्लं फरशी चाटतात त्यामुळे ते तसंही नकोच. एन्झाइमवालं लिक्विड मागवलं, महाग आहे पण त्या कोपऱ्याचं प्रकरण तिथे मिटलं.

शेजारचे काका म्हणाले, जिथे करेल तिथे तिचं नाक घास, आम्ही गावाकडे असंच करायचो. नाक नाही घासलं पण एकदा जोरात ओरडले, आणि दोन दिवस घर एकदम कोरडं! मी खूश. तिसऱ्या दिवशी आईने दिवाणाखाली झाडू घातला तेव्हा उलगडा झाला, बाईसाहेब लपून करत होत्या. ओरडणं बंद.

मग घड्याळच लावलं. झोपून उठली की गॅलरी, खाल्लं की दहा-पंधरा मिनिटांत गॅलरी, खेळून झालं की गॅलरी, रात्री दोनचा अलार्म वेगळा. एवढ्याशा पिल्लाला दोन-तीन तासांच्या वर धरवतच नाही हो. जमीन हुंगत गोल गोल फिरायला लागली की उचलून पळायचं, पेपरवर केलं की लगेच पनीरचा तुकडा, लगेच म्हणजे तिथल्या तिथे, फ्रिज उघडेपर्यंत ती विसरते.

तीन आठवड्यांत पेपर पक्का झाला. इतका पक्का की एका रविवारी बाबा सवयीप्रमाणे हॉलमध्ये जमिनीवर पेपर पसरून, चष्मा लावून वाचत बसले होते, खारी आली, अग्रलेखावर शांतपणे बसली, केलं, आणि पनीरसाठी माझ्याकडे बघायला लागली. आता सांगा, चूक कुणाची? मी पनीर दिलं. बाबा तेव्हापासून टेबलावर वाचतात.

ऑगस्टमध्ये लसी झाल्या आणि खरी पंचाईत पुढेच होती, कारण हिला मातीवर करायचं असतं हेच माहीत नाही. पावसात छत्री धरून अर्धा तास उभी राहायचे, ही ढिम्म, वर आलो की धावत गॅलरीत. शेवटी तिचाच वापरलेला पेपर खाली नेला, झाडाजवळ विटेखाली ठेवला, चौथ्या दिवशी जमलं. मग रोज पेपर थोडा थोडा फाडत लहान केला.

आता पहाटे साडेपाचला दार खरवडून उठवते. दाराच्या खालच्या पट्टीचं पॉलिश पार गेलंय, घरमालकांना अजून सांगितलेलं नाही.