चौकातल्या सिग्नलचे सेकंद वाढवून घेतले – माझा अनुभव

शहराचं नाव लिहीत नाही, कारण साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत आणि माझं निम्मं काम व्हायचंय. उपनगर समजा, कुठलंही, जिथे पूर्वी शेतं होती आणि आता मोठा रस्ता, दोन शाळा, भाजी मंडई, बसस्टॉप आणि चारही बाजूंनी ट्रॅफिक आहे. चौकात पादचाऱ्यांचा सिग्नल आहे, हिरवा माणूस लागतो, झेब्रा पट्टेही होते (निम्मे पुसलेले), त्यामुळे कागदावर सगळं ओके. फक्त हिरवा माणूस लागल्यावर आमच्या शेजारचे काका काठी टेकत जेमतेम डिव्हायडरपर्यंत पोचायचे की तो लाल, मग दोन्हीकडून गाड्या सुटलेल्या आणि काका डिव्हायडरला धरून उभे. आणि माझा मुलगा सायकलवर क्लासला जातो, त्याची वेगळीच रड.

आधी सगळे करतात तेच केलं. फोटो काढून महापालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार टाकली, "धोकादायक चौक, कृपया लक्ष द्यावे". काही दिवसांनी मेसेज, तक्रारीचं निराकरण झालं. जाऊन बघते तर चौकातला कचरा उचलला होता. परत टाकली, परत बंद. एका माजी नगरसेवकांना भेटलो तर ते म्हणाले बघू, फ्लेक्स लावू.

मग नात्यातल्या एका रिटायर्ड इंजिनिअर मामांनी सांगितलं, "अगं, धोकादायक धोकादायक म्हणून कोण ऐकणारे, रस्ता मोजून दे त्यांना." इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) म्हणून रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था आहे, तिचे नियम असतात, त्यात पादचाऱ्यांसाठी आयआरसी १०३ म्हणून एक आहे. सिग्नलचा हिशोब करताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. म्हातारी माणसं अर्थातच त्याहून हळू. आता एवढं साधं गणित असेल तर आपल्यालाही जमेल की.

रविवारी पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, सोसायटीच्या प्लंबरची लांब टेप घेऊन मी आणि मुलगा चौकात. रिक्षा स्टँडवरचे भाऊ ओरडले, "ताई, रस्ता विकत घेताय काय?" फुटपाथपासून फुटपाथपर्यंत २४ मीटर भरला, डिव्हायडर धरून. २४ ला १.२ ने भागा, २० सेकंद. हिरवा माणूस मोबाईलवर मोजला, १२. म्हणजे सरकारी वेगाने चालणारा धडधाकट माणूससुद्धा डिव्हायडर ओलांडून दोन-अडीच मीटरवर असताना लाल होतो! काकांचा वेग ०.८ धरला तर त्यांना ३० सेकंद हवेत.

हे एका पानावर लिहिलं, स्केच काढलं आणि क्षेत्रीय कार्यालयात दिलं. पोच मागा, आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, हे सगळ्यांना माहीत असतं तरी सांगते. तिथे कळलं की खांब, दिवे, वायरिंग महापालिकेच्या विद्युत विभागाकडे, झेब्रा आणि फुटपाथ पथ विभागाकडे आणि सेकंद वाहतूक पोलिसांकडे. तिघेही चांगले बोलले, तिघांनीही दुसऱ्याकडे पाठवलं. एका साहेबांनी तर विचारलं, "पण मॅडम, तिथे अजून कोणी गेलं नाही ना?" काय बोलणार. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ३२,८२५ पायी चालणारे, दिवसाला साधारण ९०. हा केंद्र सरकारचाच आकडा, पुढच्या अर्जात तो पहिल्या ओळीत टाकला.

पुढचा अर्ज म्हणजे माहिती अधिकार. जोडपत्र अ, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लागतो. आणि "का" विचारायचं नाही हं! "सेकंद इतके कमी का" असं विचारलंत की "माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही" असं छापील उत्तर येतं. कागद मागायचे. मी मागितलं, या सिग्नलच्या मंजूर वेळापत्रकाची प्रत आणि पादचाऱ्यांच्या दृष्टीने शेवटची पाहणी झाली त्याच्या अहवालाची प्रत. महापालिकेने तो अर्ज कलम ६(३) खाली वाहतूक शाखेकडे वर्ग केला, ते उलट बरंच झालं, कारण सेकंदांचा मालक कोण हे लेखी मिळालं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून पहिलं अपील केलं, आणि सुनावणीच्या आधीच पत्र हजर, "अशी पाहणी केल्याचे अभिलेखावर आढळून येत नाही". मामा म्हणाले हे पत्र लॅमिनेट करून ठेव.

ते पत्र, माझं स्केच आणि सुप्रीम कोर्टाच्या १४ मे २०२५ च्या आदेशाची प्रिंट (अडथळा नसलेला फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं त्यात म्हटलंय) असं जोडून तिन्ही खात्यांना संयुक्त पाहणीचं पत्र दिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ पण लिहिलं. रस्त्याचं डिझाइन आणि देखभाल ठरल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यातून कोणी दगावलं किंवा अपंग झालं तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. धमकी म्हणून नाही, पण त्यानंतर फोन तिकडून यायला लागले.

पाहणीच्या दिवशी संध्याकाळची वेळ मुद्दाम मागून घेतली होती. पथ विभागाचे जेई (ज्युनिअर इंजिनिअर) तरुण होते, त्यांनी स्वतः ओलांडून बघितलं आणि फ्री लेफ्टवर, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायच्या वाटेवर, अडकले. खरा वैरी तो होता आणि माझ्या अर्जात त्याच्यावर एकच ओळ होती. डावीकडे वळणारा ड्रायव्हर उजवीकडून कोण येतंय ते बघत असतो, त्याची मान उजवीकडे आणि आपण त्याच्या डाव्या बंपरसमोर. वळणही इतकं मोठं आणि गोल की ब्रेक लावायची गरजच पडत नाही. जेई तिथेच म्हणाले, "कॉर्नर बारीक केला तर गाड्या आपोआप स्लो होतील." दुसऱ्या आठवड्यात प्लॅस्टिकचे बॅरिकेड लावून वळण अरुंद केलं, आणि खरंच, गाड्या जवळजवळ थांबून वळायला लागल्या. एक-दोन दिवस हॉर्न वाजले, मग सवय झाली. आता तिथे बोलार्ड (गाड्या अडवणारे बुटके खांब) आहेत, थर्मोप्लास्टिक रंगाचे नवे झेब्रा पट्टे आहेत.

सेकंदांवर वाहतूक शाखेने घासाघीस केली, मेन रोडला रांग लागेल वगैरे. शेवटी २२ दिले. काकांना ते पुरत नाहीतच, पण डिव्हायडर झेब्राच्या रेषेत कापून रस्त्याच्या लेव्हलला आणलाय, दोन्ही बाजूंना बोलार्ड, त्यामुळे मधे थांबायला जागा तरी आहे.

सायकलचं मात्र घोडं अडलंय. मेन रोडला लाल ब्लॉकचा सायकल ट्रॅक आहे, तो चौकाच्या जरा अलीकडे विजेच्या डीपीत आणि रसवंतीच्या गाड्यात जाऊन संपतो. तिथून मुलगा रस्त्यावर उतरतो, सरळ जायचं असतं आणि उजवीकडची बस त्याच्यासमोरूनच डावीकडे वळते. मागणी एवढीच केली की ट्रॅक चौकापर्यंत आणा आणि स्टॉपलाइनच्या पुढे सायकलींना उभं राहायला जागा आखा. उत्तर आलं, "निधी उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल". शिवाय डीपी हलवायची तर ती वीज कंपनीची, म्हणजे चौथं खातं, तिथला जन माहिती अधिकारी कोण ते सध्या शोधतेय. रसवंतीवाले भाऊ तेवढे अर्जाबिर्जाविना दोन फूट सरकलेत.