चव्वेचाळिसाव्या वर्षी मराठी
इंदूरला वाढलो, घरात आई-बाबा मराठी बोलायचे आणि आम्ही भावंडं हिंदीत उत्तरं द्यायचो, त्यामुळे कळायचं सगळं पण तोंडातून काही निघायचं नाही. आता ४४व्या वर्षी शिकतोय. लिपी तीच म्हणून वाटलं सोप्पंय, पण 'चार' आणि 'चांगला' यातला च वेगळा, हे कागदावर दिसतच नाही ना! ळ चा तर अजून ल होतो. खरी फजिती 'आपण' आणि 'आम्ही'ची, हिंदीत दोन्हीला हमच. पुण्यात आत्याला म्हटलं, "आपण उद्या सातला निघतोय", तर म्हणाली, "अरे मग आधी नाही का सांगायचं, बॅग भरायचीये!" बायको हसत बसली. आत्या मात्र खरंच आली की आमच्याबरोबर.