आमची वाटचाल : झिजलेल्या नाण्यावरचा छोटासा चौकोन

२०१२ साली इंग्लंडमध्ये, रेडिंगला, घरच्या डायनिंग टेबलावर जुन्या नाण्यांवरचे छाप ओळखायचं आमचं काम सुरू झालं. बायको फोटो काढायची आणि मी ऑफिसमधून आल्यावर रात्री लेबलं लिहायचो. तेव्हा आम्ही नाणी विकायचोही. रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या गावांनी पाडलेली ब्राँझची नाणी, झिजलेली असली की स्वस्तात मिळायची म्हणून आम्हाला परवडायची.

त्यातल्या काहींवर एक छोटा खड्डा असतो, गोल नाहीतर चौकोनी, आत अक्षरं किंवा चित्र. नाणं पाडल्यावर नंतर कधीतरी ठोकलेला हा दुसरा छाप म्हणजे काउंटरमार्क. जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या नाण्यांमुळे नहपानाच्या चांदीवर गौतमीपुत्राने आपला छाप मारला हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण तिथे पूर्ण नाणंच परत ठोकलंय, इथे फक्त नखाएवढी जागा.

पहिल्याच वर्षी मोठी चूक झाली. पॅम्फिलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सिदे शहराचं, रोमन सम्राट गॅलिएनसचं नाणं, त्यावर ग्रीक ई ठोकलेला. ग्रीकमध्ये ई म्हणजे पाच, म्हणून मी सरळ लिहून टाकलं, पाचव्या लीजनचा, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीचा, छाप. घेणारे आजोबा अनेक वर्षांचे कलेक्टर, त्यांनी शांतपणे कळवलं की हा पाच अस्सारियाचा, म्हणजे नाण्याच्या किमतीचा शिक्का आहे, लष्कराचा काही संबंध नाही. सगळे पैसे परत दिले, आणि त्या दिवसापासून आमच्या लेबलवर दोन ओळी असतात, वर जे डोळ्याला दिसतं ते, खाली आम्हाला जे वाटतं ते.

मग शिकत गेलो. १९८५ चा हाउगेगो यांचा कॅटलॉग टेबलावरून हललाच नाही. लाइट एका बाजूने, नाण्याच्या पातळीजवळून तिरपा हवा, फोटोत तो वरच्या डाव्या कोपऱ्यातून आल्यासारखा दिसला पाहिजे, नाहीतर खड्डा उंचवटा वाटतो. नाणं फिरवून बघायचं, कारण रोमन सहाचा आकडा उलटा धरला की ग्रीक अकरासारखा दिसतो. मागची बाजू बघायची, जोरात ठोकलं असेल तर बरोबर त्याच जागी ती चपटी झालेली असते.

माझं सगळ्यात लाडकं दहावं लीजन, फ्रेटेन्सिस. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेम पडल्यावर हे लीजन तिथेच तळ ठोकून राहिलं. त्याच्या छापात एल, एक्स, एफ ही अक्षरं, किंवा रानडुक्कर, डॉल्फिन, जहाज. जेरुसलेमला सापडलेल्या त्यांच्या विटा-कौलांवरही हीच अक्षरं आणि हेच डुक्कर असतं, त्यामुळे नाण्यावरचं अर्धवट चित्र ओळखायला आम्ही कौलांचे फोटो शेजारी ठेवतो. खालचं नाणं कितीदा इतकं गुळगुळीत झालेलं असतं की कुठल्या शहराचं हेही कळत नाही, छाप मात्र ताजा. माझं मत असं की छावणीच्या बाजारात असलं पुसलेलं नाणं कोणी नाकारू नये म्हणूनच तो ठोकला असणार.

पश्चिमेकडचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऱ्हाइनकडे ऑगस्टसच्या नाण्यांवर व्हॅरस (Varus) या रोमन सेनापतीच्या नावाची तीन अक्षरं मिळतात. त्याची तिथली कारकीर्द इसवी सन ७ ते ९ एवढीच, आणि जर्मनीतल्या काल्क्रीजच्या रणभूमीवर अशी नाणी सापडली, म्हणजे एवढ्याशा छापाने दोन-तीन वर्षांपर्यंत नेमकी तारीख हातात येते.

फ्रेटेन्सिसच्या छापाने भाव वाढतो, म्हणून खोटे छाप पण येतात. अस्सल छापाच्या आतला पॅटिना, म्हणजे जुन्या धातूवर चढलेला थर, बाहेरच्यासारखाच असतो, खोट्यात कडेचा धातू नवा कापल्यासारखा दिसतो. एका क्लायंटची अशी सहा नाणी आम्ही सर्टिफिकेट न देता परत पाठवली, तो परत आला नाही.

२०१७ पासून विक्री बंद केली. नाणं कुठून, कुठल्या कागदांवर आलं हे कळत नसेल तर ते विकणं आम्हाला पटेना. आता फक्त ओळख आणि फोटो, आणि फी एकच, छाप लष्करी निघो वा न निघो, म्हणजे आमच्याही मनात लोभ नको.

या आठवड्यात एक आलंय, छाप कडेवर पडून अर्धा कापला गेलाय. एक्स स्पष्ट आहे, पुढच्या अक्षराची फक्त उभी रेघ दिसते, ती एफची असेल किंवा रोमन एकाचा आकडाही असेल. वरच्या ओळीत तेवढंच लिहिलंय. एक्सच्या एका पायाला बारीकशी चीर आहे, ती बहुतेक पंचचीच, म्हणजे छाप ठोकायच्या हत्याराचीच, म्हणून त्याच पंचचं पूर्ण छापाचं दुसरं नाणं बायको जुन्या फोटोंमध्ये शोधतेय, तोवर खालची ओळ रिकामी.