शेव्हेल 396: काय बदललं, कशाला हात लावला नाही

1968 ची शेव्हर्लेची शेव्हेल एसएस 396 (एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, 396 म्हणजे इंजिनाचे घनइंच) घेतली तेव्हाच ठरवलं होतं की ही गाडी चालवायची. डेट्रॉइटच्या परिसरात राहायचं आणि अशी गाडी गराजमध्ये कापडाखाली ठेवायची, हे मनाला पटत नाही. पण चालवायची म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: कारखान्यातून निघाली तशीच ठेवायची, की आजच्या रस्त्याला झेपतील असे बदल करायचे? इथल्या जुन्या गाडीवाल्यांत यावरून सरळ दोन तट आहेत.

आधी गाडी खरंच काय आहे ते तपासलं. 1968 मध्ये एसएस 396 हे वेगळं मॉडेल होतं, म्हणून गाडीचा नंबर (नंबरप्लेटचा नव्हे, कारखान्याने दिलेला चॅसिस नंबर) 138 ने सुरू झाला की ती मुळातलीच एसएस. 1969 पासून एसएस हा नुसता ऑप्शन झाला. त्या गाड्यांत नंबरावरून काही कळत नाही. मग इंजिन. 396 ची इंजिनं न्यूयॉर्क राज्यात टोनावांडाला बनायची, त्यामुळे ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावरचा, शिक्का इंग्रजी ‘टी’ने सुरू होतो, पुढे जुळणीचा महिना, तारीख आणि इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरं. तिथेच गाडीच्या नंबराचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. माझ्या गाडीत सगळं जुळलं. तेव्हाच मनाशी नियम केला: जो बदल नट-बोल्ट उघडून परत फिरवता येईल तो करायचा, पत्रा कापायचा नाही.

इंजिन उघडणं भाग होतं आणि खरी काळजी तिथेच होती. तो शिक्का ब्लॉकच्या वरच्या सपाटीवर, पुढच्या कोपऱ्यात असतो. मशीन शॉपमध्ये ती सपाटी सरळ करायला वरचा थर कापतात. त्या एका फेरीत शिक्का जातो आणि त्याखालच्या कारखान्याच्या बारीक रेघाही जातात. इंजिन मूळचंच आहे का हे ठरवताना जाणकार परीक्षक भिंग लावून त्याच रेघा बघतात. नंतर कोणी हुबेहूब आकडे ठोकले तरी रेघा परत येत नाहीत. म्हणून ‘सपाटी कापायची नाही’ हे कामाच्या कागदावर लिहून घेतलं आणि शिक्क्याचे जवळून फोटो काढून ठेवले. एक बदल मात्र नियम मोडून केला. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल 1996 पासून बंद आहे, आणि शिशाशिवाय जुन्या हेडमधल्या (ब्लॉकवरच्या झाकणातल्या) एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा, झिजू शकतात. तिथे कडक धातूच्या सीट बसवल्या. पेट्रोलमधल्या इथेनॉलला टिकतील असे रबरी होजही घातले. बाहेरून यातलं काही दिसत नाही.

ब्रेकबद्दल मी वाद घालत नाही. या गाडीला चारही चाकांना ड्रम होते. पुढचे डिस्क तेव्हा जादा पैसे देऊन मिळायचे. हायवेच्या वेगातून दोन-तीनदा जोरात ब्रेक मारले की ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. मागच्या सीटवर मुलं असताना ओरिजिनॅलिटीचं कौतुक मला सांगू नये. 1969 ते 1972 च्या शेव्हेलचे डिस्कचे भाग या गाडीला सरळ बसतात, वेल्डिंग लागत नाही. मास्टर सिलिंडर आणि प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही (पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये दाब वाटणारा) त्यासोबत बदलले. ड्रमसाठीच्या 14 इंची रिम कॅलिपरला (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाला) घासायला लागल्या, म्हणून 15 इंची घेतल्या. जुने ड्रम स्पिंडलसकट (चाक ज्यावर फिरतं त्या दांड्यासकट) तेल लावून, चिठ्ठी बांधून फळीवर ठेवलेत.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो गिअरबॉक्सच्या निर्णयात. मूळचा ‘मन्सी’ गिअरबॉक्स चार गिअरचा, त्याला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा गिअर, नाही. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर 3.55, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 3.55 फेरे, त्यामुळे ताशी 65 मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे 3,000 फेरे घेतं. तासाभरात डोकं भणभणतं. सगळ्यांचा सल्ला एकच: पाच गिअरचा बॉक्स टाक. मी ज्या किटची चौकशी केली, त्यासाठी फ्लोअरचा बोगदा (गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा) कापावा लागणार होता. नको म्हटलं. त्याऐवजी मागचे गिअर 3.07 चे घातले. ते अ‍ॅक्सलमधल्या त्याच कॅरिअरवर (गिअर धरणाऱ्या भागावर) बसतात. फेरे 2,600 च्या आसपास आले. स्पीडोमीटरचा छोटा गिअरही बदलावा लागतो, हे विसरू नका. सिग्नलवरून सुटताना पाठीला बसणारा दणका थोडा कमी झाला, ते मला मान्य आहे.

एसीच्या किटला फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) भोकं पाडावी लागत होती, म्हणून तो बसवला नाही.

शेवटी नंबरप्लेट. मिशिगनमध्ये 25 वर्षांहून जुन्या गाडीला स्वस्तातली ऐतिहासिक प्लेट मिळते, पण त्यावर प्रदर्शनं, मिरवणुका, क्लबच्या सहली अशा कामांपुरतीच गाडी काढता येते. मोकळीक फक्त ऑगस्ट महिन्यात, वुडवर्ड ड्रीम क्रूझ हा इथला जुन्या गाड्यांचा मेळा भरतो तेव्हा. मी नेहमीची प्लेट घेतली. एप्रिलमध्ये हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ पावसाने धुऊन गेलं की मला ही गाडी ऑफिसलाही न्यायची असते.