अर्ध्या दाराचा शौचकूप

शनिवार, रात्र

जपानी चित्रकार होकुसाईच्या चित्रवह्यांतल्या एका पानाची प्रत चौकट करून आज भिंतीवर लावली. मूळ पान 1834 साली छापलेल्या बाराव्या खंडातले आहे. शौचकूपात एक सामुराई बसला आहे आणि त्याचे नोकर नाके दाबून बाहेर ताटकळत आहेत. पाहुण्यांच्या नजरेसमोर असले चित्र कशाला, असे घरात विचारले गेले. लढायांची आणि दरबारांची चित्रे जगाने पुष्कळ जपली, पण प्रत्येक माणसाला रोज करावी लागणारी ही गोष्ट इतक्या मोकळेपणाने काढलेली क्वचितच सापडते, म्हणून मला ते समोरच हवे होते.

मुंबईहून आलेली आई चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. तिचे बालपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेले. 160 चौरस फुटांची खोली आणि मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांत मिळून मोजके संडास. इथल्या फुकागावा भागातल्या संग्रहालयात जुन्या एदो शहरातली, म्हणजे आजच्या तोक्योतली, एक वस्ती पुन्हा उभारली आहे, तिचे वर्णन मी तिला सांगितले. जेमतेम 9 बाय 12 फुटांच्या खोल्यांची रांग, मध्ये अरुंद बोळ, आणि सगळ्यांत मिळून एक विहीर, एक कचऱ्याची जागा आणि सामायिक शौचकूप. त्याला दार असे ते फक्त खालच्या अर्ध्या भागाला, त्यामुळे आत कोणी आहे हे बाहेरच्याला दिसे. आई म्हणाली, “आम्हाला खाकरावं लागायचं. कडी बहुतेक वेळा तुटलेलीच, मग एका हाताने दार ओढून धरायचं आणि पावलं वाजली की खाकरायचं.” बाईमाणसाने त्या अर्ध्या दाराआड कसे बसावे, हा तिचा प्रश्न मात्र मला निरुत्तर करून गेला.

चित्रात जो दिसत नाही, त्या मैला नेणाऱ्याविषयी मला आज अधिक लिहावेसे वाटते. सुमारे दहा लाख वस्तीच्या त्या शहरातला मैला आसपासच्या गावांतले शेतकरी नेत असत, आणि तो फुकट मिळत नसे. चाळीची देखभाल करणाऱ्याला त्याबद्दल रोख पैसे किंवा मुळ्यासारखी भाजी मिळे, आणि ही त्याची हक्काची कमाई असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा भाव इतका चढला की तो उतरवावा म्हणून शेकडो गावांनी मिळून सरकारदरबारी अर्ज केले. तोक्योत आम्ही राहतो त्या निशी-कासाईच्या नावात जो कासाई आहे, त्या भागातल्या होड्या याच वाहतुकीसाठी प्रसिद्ध होत्या. त्या समाजातही अस्पृश्यता होती, चामड्याचे काम करणाऱ्यांच्या वाट्याला ती आली होती. पण सोनखत नेणारा शेतकरी, निदान या कामामुळे, अस्पृश्य ठरला नाही.

आपल्याकडे टोपलीचे संडास होते तेव्हा मागच्या बोळातल्या लहानशा दारातून टोपली ओढून ती डोक्यावरून नेणारी माणसे ठरावीक जातींत जन्मलेली असत, आणि त्यांना भाकरीसुद्धा वरून टाकली जाई. शेताला हवे असलेले खत तेच, नेण्याचे कष्टही तेच. फरक केला तो जातीने, आणि हे मला अत्यंत संतापजनक वाटते. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी सफाईचे काम स्वतः करू देण्याची मागणी केली, ती नाकारली गेल्यावर अन्नत्याग केला, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांना साथ दिली. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत त्यांनी, कोणाच्याही डोक्यावर टोपली येऊ नये आणि मैल्याचे खत व्हावे, अशा साध्या संडासांचे प्रयोग केले. शाळेत हे आम्हाला कोणी शिकवले नाही, याचे मला वाईट वाटते. मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्धचे कायदे 1993 आणि 2013 साली झाले, तरी गटारात उतरलेली माणसे अजूनही गुदमरून मरतात.

आईला तिच्या मजल्यावरचे संडास धुणारी बाई आठवते, पण नाव आठवत नाही. उद्या तिला फुकागावाला नेणार आहे. तिथे मांडलेल्या वस्तूंत त्या भाजी आणणाऱ्या शेतकऱ्याची काही खूण आहे का, हे तिला पाहायचे आहे.